समकालीन अमेरिकी कवितेची वैविध्यपूर्ण संकलने कशी वाचावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'वैविध्यपूर्ण' संकलन म्हणजे नेमके काय, आणि ते वेगळे काढण्याची गरज का पडली?

अनेक कवींच्या निवडक कविता एका पुस्तकात आणल्या की संकलन तयार होते, इतके सर्वांना ठाऊक असते. अमेरिकेत मात्र या साध्या दिसणाऱ्या पुस्तकांवरून मोठे वाद झाले आहेत. १९५७ साली डोनाल्ड हॉल, रॉबर्ट पॅक आणि लुई सिम्पसन यांनी इंग्लंड-अमेरिकेतील नव्या कवींचे एक संकलन काढले आणि १९६० साली डोनाल्ड ॲलन यांनी ४४ कवींचे दुसरे. दोन्ही पुस्तके एकाच काळातील नवी कविता दाखवण्याचा दावा करीत होती, तरीही दोहोंत सामाईक असा एकही कवी नव्हता. एकीकडे घडीव, वृत्तबद्ध, विद्यापीठीय वळणाची कविता होती, तर दुसरीकडे बोलण्याच्या आणि श्वासाच्या लयीवर चालणारी मोकळी कविता. तरीही बंडखोर समजल्या गेलेल्या ॲलन यांच्या पुस्तकात स्त्रिया चारच होत्या, आणि कृष्णवर्णीय कवी एकच होते: लेरॉय जोन्स, जे पुढे अमिरी बराका या नावाने ओळखले गेले.

मुख्य प्रवाहातील पुस्तकांत जागा मिळेना, म्हणून पुढील दशकांत कृष्णवर्णीय, मूळनिवासी, मेक्सिकन, पोर्तो रिकन आणि आशियाई वंशाच्या कवींनी आपापली संकलने सिद्ध केली. १९९४ साली मारिया मात्झिओटी गिलन आणि जेनिफर गिलन या मायलेकींनी पेंग्विन या प्रकाशनसंस्थेसाठी 'अनसेटलिंग अमेरिका' हे संकलन संपादित केले. त्यात त्यांनी या सगळ्या धारा एकत्र आणल्या, आणि कवितांची मांडणी कवींच्या वंशानुसार न करता विषयांनुसार केली. हा निर्णय मला आजही महत्त्वाचा वाटतो. वैविध्य कवींच्या वंशावळीपाशीच शोधले तर अशा पुस्तकाचा अर्धाच लाभ पदरात पडतो. कविता किती वेगवेगळ्या तऱ्हांनी रचता येते हे या संकलनांत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते, आणि पुढील उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

अगदी नव्या वाचकाने ट्रेसी के. स्मिथ यांनी संपादित केलेले 'अमेरिकन जर्नल' (२०१८) घ्यावे. स्मिथ तेव्हा अमेरिकेच्या पोएट लॉरिएट, म्हणजे अधिकृत राष्ट्रीय कवी, होत्या आणि देशाच्या ग्रामीण भागांत कविता घेऊन फिरत होत्या. पुस्तकात मोजून ५० कविता असल्याने ते दडपण आणत नाही. त्यानंतर जॉय हार्जो यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले मूळनिवासी कवितेचे मोठे संकलन 'व्हेन द लाइट ऑफ द वर्ल्ड वॉज सबड्यूड, अवर साँग्ज केम थ्रू' (२०२०) वाचावे. दक्षिण आशियाई वंशाच्या अमेरिकी कवींविषयी विशेष जिज्ञासा असेल, तर ४९ कवींचे 'इंडिव्हिजिबल' (२०१०) आहे. अपंगत्व आणि शरीर यांविषयीची कविता 'ब्यूटी इज अ व्हर्ब' (२०११) या संकलनात एकत्र भेटते.

संकलन पहिल्या पानापासून सलग वाचावे काय?

ते पुस्तकाच्या रचनेवर अवलंबून आहे. कवींचा क्रम केवळ आडनावांच्या आद्याक्षरांनुसार असेल, तर कुठूनही वाचायला हरकत नाही. क्रमामागे विचार असेल, तर निदान एक विभाग तरी सलग वाचावा. हार्जो यांच्या संकलनात १६०हून अधिक कवी आहेत आणि पुस्तक पाच भौगोलिक विभागांत मांडलेले आहे. प्रत्येक विभाग मौखिक परंपरेतील रचनेने सुरू होतो आणि नव्या कवींपाशी संपतो. सतराव्या शतकात हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या एलिअझर या मूळनिवासी विद्यार्थ्यापासून १९९१ साली जन्मलेल्या जेक स्कीट्स या दिने (नवाहो) जमातीच्या कवीपर्यंतचा पल्ला त्यात येतो. 'समकालीन' म्हणून आपण जे वाचतो त्याच्या पाठीशी किती जुनी परंपरा उभी आहे, हे एखादा विभाग सलग वाचल्यावरच ध्यानात येते. मधली पाने उलटत गेल्यास ते निसटते.

कवीचा परिचय आधी वाचावा की कविता?

कविता आधी वाचावी. परिचय आधी वाचला की मन नकळत साक्षीपुरावे गोळा करू लागते: कवी अमुक वंशाचा, म्हणून ही ओळ अमुक दुःखाची. विजय शेषाद्री यांचा जन्म बंगळुरूचा आणि त्यांना २०१४ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, एवढीच माहिती हाताशी धरून त्यांच्या प्रत्येक कवितेत भारत शोधत बसलेला वाचक त्या कवितेतील युक्तिवादाची चपळ वळणे आणि चतुराई हमखास गमावतो. कविता दोनदा वाचून झाली, तिच्याविषयी मनात एखादा प्रश्न उभा राहिला, की मग परिचयाकडे वळावे. तेव्हा त्या चार ओळी खरोखर उपयोगी पडतात.

पहिल्या वाचनात कविता कळली नाही तर काय करावे?

अर्थ बाजूला ठेवून कवितेची बांधणी पाहावी. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची 'वी रिअल कूल' ही कविता यासाठी आदर्श आहे. १९५० साली पुलित्झर मिळवणाऱ्या ब्रुक्स या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका होत. त्यांची ही कविता १९५९ साली प्रथम छापली गेली, आणि आज ती असंख्य संकलनांत सापडते. शाळा सोडून पूल हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळण्याच्या अड्ड्यावर रमलेली सात मुले स्वतःविषयी बोलत आहेत. संपूर्ण कवितेत ८ वाक्ये आणि २४ शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्द एकाच उच्चारावयवाचा (सिलॅबलचा) आहे. विषय इतका उघड असूनही कविता मनातून जात नाही, ती का?

ओळींची टोके पाहिली की उत्तर मिळते. प्रत्येक वाक्य 'आम्ही' या अर्थाच्या शब्दाने सुरू होते, पण ब्रुक्स यांनी पहिला अपवाद वगळता तो शब्द नव्या ओळीच्या आरंभी न ठेवता आधीच्या ओळीच्या शेवटी ठेवला आहे. त्यामुळे वाचताना प्रत्येक ओळीच्या टोकाला आवाज क्षणभर अडतो. मुले फुशारकी मारत आहेत आणि तरीही 'आम्ही' म्हणताना दर वेळी किंचित थबकत आहेत, असे कानाला जाणवते. हा शब्द हलक्या आवाजात उच्चारावा, असे स्वतः ब्रुक्स सांगत असत. शेवटच्या ओळीत मृत्यूचा उल्लेख येतो आणि तिच्या टोकाला तो शब्दच उरत नाही. मुलांचे काय झाले, हे कवितेने वेगळे सांगण्याची गरज राहत नाही.

दुर्बोध वाटणाऱ्या कवितेलाही हेच प्रश्न विचारावेत. ओळ कुठे मोडली आहे? कोणता शब्द पुनःपुन्हा येतो, आणि तो कुठे येईनासा होतो? कोण कोणाशी बोलत आहे? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर सापडले तरी कवितेत शिरायला वाट मिळते. आणि सापडले नाही, तर ती कविता पुढच्या महिन्यासाठी ठेवून द्यावी.

'गोल्डन शॉव्हल', 'डुप्लेक्स', इंग्रजी गझल असे उल्लेख आढळतात. हे काव्यप्रकार काय आहेत?

'गोल्डन शॉव्हल' हा प्रकार टेरन्स हेझ यांनी रूढ केला. ब्रुक्स यांच्या कवितेतील मुले ज्या अड्ड्यावर जमतात त्याचेच हे नाव. हेझ यांच्या कवितेच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द क्रमाने वरून खाली वाचत गेल्यास ब्रुक्स यांची संपूर्ण कविता वाचली जाते. कवितेचे दोन भाग आहेत आणि दोन्ही भागांत त्यांनी हा नियम पाळला आहे. ही कविता 'लाइटहेड' (२०१०) या संग्रहात आहे. पूर्वसूरींचे ऋण मान्य करण्याची इतकी देखणी रीत मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे, कारण ज्येष्ठ कवयित्रीचा प्रत्येक शब्द इथे नव्या कवितेचे ओझे अक्षरशः आपल्या अंगावर पेलतो. पुढे अनेक कवींनी अन्य कवितांच्या ओळी घेऊन हा प्रकार हाताळला, त्यामुळे संकलनात तो भेटला की आधी उजवीकडची कड वाचून पाहावी.

'डुप्लेक्स' ही जेरिको ब्राउन यांची निर्मिती. 'द ट्रॅडिशन' (२०१९) या त्यांच्या संग्रहात ती प्रथम आली आणि त्या संग्रहाला २०२० साली पुलित्झर मिळाले. सुनीत, गझल आणि ब्लूज ही कृष्णवर्णीयांची गानपरंपरा, या तिहींचा मेळ त्यात आहे. १४ ओळी दोन-दोनच्या सात जोड्यांत मांडलेल्या असतात आणि प्रत्येक ओळीत ९ ते ११ उच्चारावयव असतात. एका जोडीची दुसरी ओळ थोडी बदलून पुढच्या जोडीची पहिली ओळ होते, आणि कवितेची पहिली ओळच अखेरीस परत येते. ओळ परत येताना तिचा अर्थ सरकलेला असतो. प्रेमाची वाटलेली ओळ पुढच्या जोडीत भीतीची होऊ शकते, आणि वाचकाचे सगळे लक्ष त्या सरकण्याकडे असायला हवे.

गझलेच्या बाबतीत मराठी वाचकाचा हात इंग्रजी वाचकाच्या पुष्कळ पुढे आहे, कारण सुरेश भटांमुळे रदीफ, काफिया, मतला या संज्ञा आपल्याकडे घरोघरी पोहोचल्या आहेत. अमेरिकी कवींनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस गझल लिहायला घेतली तेव्हा त्यांनी स्वतंत्र द्विपदींची कल्पना उचलली, मात्र रदीफ-काफिया बहुधा सोडून दिले. मूळचे काश्मीरचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले आगा शाहिद अली यांना हे खटकले. नियम पाळले तरच गझलेची ताकद कळते, असा आग्रह धरून त्यांनी २००० साली इंग्रजीतील काटेकोर गझलांचे एक संकलनच संपादित केले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची स्वतःची इंग्रजी गझल वाचताना दुसऱ्या मिसऱ्याच्या शेवटी काफिया कसा येऊन भिडतो, हे मराठी कानाला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

अमेरिकेचा इतिहास ठाऊक नसेल तर या कविता कळतील काय?

बऱ्याच कळतील. काहींसाठी मात्र थोडी पूर्वतयारी करावी लागेल, आणि ती करण्यासारखी आहे. लेली लाँग सोल्जर यांची '३८' ही कविता घ्या. २६ डिसेंबर १८६२ रोजी मिनेसोटातील मँकेटो येथे डकोटा जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. त्या शिक्षेला अब्राहम लिंकन यांची मंजुरी होती आणि गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली तीही त्याच आठवड्यात. कवितेत ही माहिती जवळपास संपूर्ण दिलेली आहे, पण ज्या रीतीने दिली आहे ती पाहण्यासारखी आहे. अलंकार नाहीत, उसासे नाहीत. पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्ये, एकेक वेगळे ठेवलेले, जणू प्रत्येकाची सत्यता तपासून मगच पुढे जायचे आहे. डकोटांची जमीन करारांनी कशी आटत गेली, ठरलेला पैसा कसा पोहोचला नाही, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केल्यावर उपासमार कशी ओढवली, हे सगळे त्या संथ वाक्यांतून येते. उपाशी लोकांनी गवत खावे, असे म्हणणाऱ्या एका व्यापाऱ्याचे प्रेत पुढे तोंडात गवत कोंबलेल्या स्थितीत सापडले, आणि त्या कृतीलाच कवयित्री कविता म्हणते. तिथवर पोहोचेपर्यंत वाचकाच्या लक्षात आलेले असते की वाक्यांचा तो कोरडेपणा हेच या कवितेचे शस्त्र होते.

याच कवयित्रीने अमेरिकी सरकारच्या माफीनाम्यालाही उत्तर दिले आहे. मूळनिवासींची माफी मागणारा अमेरिकी संसदेचा, म्हणजे तिथल्या काँग्रेसचा, ठराव डिसेंबर २००९मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीने मंजूर झाला. पण संरक्षण खर्चाच्या विधेयकात जोडून आणि कोणत्याही जाहीर समारंभाविना. 'व्हेअरॲज' (२०१७) या संग्रहात त्यांनी त्या ठरावाचीच कलमवार, सरकारी घडण उचलून तिच्यात आपले घर, आपली मुलगी, आपली हरवत चाललेली भाषा आणून ठेवली. सोलमाझ शरीफ यांनी 'लुक' (२०१६) या संग्रहात अमेरिकी संरक्षण खात्याच्या परिभाषा कोशातील शब्द ठळकपणे दिसतील अशा अक्षरांत आपल्या ओळींत बसवले, तीही याच जातीची रचना आहे. अशा कवितांसाठी मूळ ठराव किंवा मूळ घटना दहा मिनिटे वाचून घ्यावी. त्याहून अधिक तयारीची सहसा गरज पडत नाही.

गद्यासारख्या दिसणाऱ्या परिच्छेदांना कविता का म्हणावे?

क्लॉडिया रँकीन यांचे 'सिटिझन' (२०१४) हे या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे, आणि त्यातील उतारे अनेक संकलनांत घेतले जातात. नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलच्या पुरस्कारांसाठी या पुस्तकाला कविता आणि समीक्षा अशा दोन विभागांत नामांकन मिळाले होते, आणि ते जिंकले कवितेच्या विभागात. परिच्छेद छोटे आहेत, प्रसंग रोजचे आहेत: मैत्रिणीने चुकून दुसऱ्याच कृष्णवर्णीय व्यक्तीच्या नावाने हाक मारणे, रांगेत कोणी आपल्याला न पाहताच पुढे घुसणे. सगळे द्वितीय पुरुषी संबोधनात लिहिलेले असल्यामुळे वाचक त्या प्रसंगाबाहेर उभा राहू शकत नाही. यमक किंवा ओळ जे काम करते, ते इथे हे संबोधन आणि दोन परिच्छेदांमधली कोरी जागा करते.

स्पॅनिश, मोहावी, चामोरू शब्द मध्येच येतात आणि त्यांचा अर्थ दिलेला नसतो. ते सोडून द्यावेत काय?

सोडू नयेत, पण प्रत्येक शब्दासाठी वाचन थांबवूही नये. नताली डियाझ मोहावी या मूळनिवासी भाषेच्या जतनाचे प्रत्यक्ष काम करीत आल्या आहेत, आणि ग्वाम या प्रशांत महासागरातील अमेरिकी बेटावरचे क्रेग सांतोस पेरेझ आपल्या कवितेत तिथल्या चामोरू भाषेचे शब्द जाणीवपूर्वक पेरतात. अर्थ तळटीपेत न देणे हा अनेकदा त्यांच्या मांडणीचाच भाग असतो. पहिल्या वाचनात शब्द मोठ्याने उच्चारून पुढे जावे, आणि दुसऱ्या वाचनाआधी अर्थ शोधावा.

संपादकाच्या निवडीवर किती विसंबून राहावे?

निवड हे संपादकाचे मत असते, आणि ते मत म्हणूनच वाचावे. रीटा डव्ह यांनी २०११ साली पेंग्विनसाठी विसाव्या शतकातील अमेरिकी कवितेचे संकलन संपादित केले, तेव्हा हेलन व्हेंडलर या ज्येष्ठ समीक्षिकेने त्यावर कडक टीका केली. इतके कवी घेतल्याने मोठ्या कवींची जागा आक्रसली, असा त्यांचा रोख होता. डव्ह यांनी तितक्याच सडेतोडपणे उत्तर दिले. दोन्ही बाजू वाचाव्यात; माझा कल डव्ह यांच्याकडे आहे, कारण कोण मोठे हे आधीच ठरले असेल तर नवे संकलन काढण्याचे प्रयोजनच उरत नाही. मात्र निवडीमागे नेहमी रसिकताच असते असेही नाही. त्याच पुस्तकात सिल्व्हिया प्लाथ आणि ॲलन गिन्सबर्ग यांच्या कविता नाहीत, आणि त्याचे कारण पुनर्मुद्रणाच्या परवानगीचे न परवडणारे शुल्क हे होते. म्हणून प्रस्तावना जरूर वाचावी, आणि एखादे अपेक्षित नाव दिसले नाही तर लगेच निष्कर्ष काढू नये.

या कवितेचा मराठी साहित्याशी काही थेट संबंध आहे काय?

आहे, आणि तो दुहेरी आहे. गिन्सबर्ग १९६२-६३मध्ये भारतात होते. मुंबईतील अशोक शहाणे यांच्यासारख्या तरुण लेखकांशी त्यांचा परिचय झाला, आणि तो काळ आपल्याकडील लघुनियतकालिकांच्या भराचा होता. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात आयोवा येथील आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते. त्याहून खोल नाते १९७२चे आहे. त्या वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथरची स्थापना केली आणि नाव घेतले १९६६ साली ओकलंडमध्ये सुरू झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. ढसाळांचा 'गोलपिठा' त्याच वर्षी आला. त्यामुळे ब्रुक्स, बराका किंवा रँकीन वाचताना मराठी वाचकाला ओळखीची धग जाणवते. पण जात आणि वंश यांची घडण वेगळी आहे, आणि कृष्णवर्णीय कवीची ओळ आपल्याकडील अनुभवाचा पुरावा म्हणून वापरली की दोहोंवर अन्याय होतो.

पुस्तक महाग आहे. कविता विनामूल्य कोठे मिळतील?

शिकागोच्या पोएट्री फाउंडेशनच्या संकेतस्थळावर हजारो कविता आहेत. १९१२ साली हॅरिएट मन्रो यांनी सुरू केलेल्या 'पोएट्री' मासिकाचे जुने अंकही तेथे वाचता येतात. अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्स ही १९३४ सालची संस्था रोज एक कविता ईमेलने पाठवते. कवींच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, आणि ती ऐकल्याशिवाय राहू नये. विशेषतः ज्या कवींची घडण व्यासपीठावर किंवा स्लॅमच्या, म्हणजे कविता सादर करण्याच्या, स्पर्धांत झाली, त्यांच्या छापील ओळी ऐकण्याआधी कित्येकदा ढिल्या वाटतात आणि ऐकल्यावर त्यांतील ताल उघड होतो.

आवडलेल्या कवितेचे मराठी भाषांतर प्रसिद्ध करता येईल काय?

स्वतःसाठी किंवा वाचनमंडळातील चर्चेसाठी भाषांतर करून पाहावे; कविता जवळून वाचण्याचा तो उत्तम मार्ग आहे. समकालीन कविता स्वामित्वहक्काखाली असतात, त्यामुळे नियतकालिकात, पुस्तकात किंवा समाजमाध्यमावर भाषांतर प्रसिद्ध करण्याआधी कवी किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी.

संकलन वाचून झाल्यावर पुढे काय वाचावे?

ज्या एका कवीकडे आपण पुनःपुन्हा वळलो, त्याचा संपूर्ण संग्रह घ्यावा. संकलनात कविता तिच्या शेजारणींपासून तोडून आणलेली असते. जेरिको ब्राउन यांची एखादी 'डुप्लेक्स' संकलनात सुटी वाचली तर ती पुरेशी वाटते. पण 'द ट्रॅडिशन'मध्ये या प्रकारच्या कविता ठरावीक अंतराने येत राहतात, आणि संग्रहाची शेवटची कविता आधीच्या डुप्लेक्समधील ओळी उचलूनच जुळवलेली आहे. आधीच्या सगळ्या वाचल्या असतील तरच त्या शेवटच्या कवितेतील प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येते.